फळझाडांची विश्रांती आणि हिवाळ्यातील छाटणी

फळबागेच्या मशागतीत छाटणी हे काम वरवर पाहता सोपे वाटते. हाती कात्री असली, दोन मजूर मिळाले आणि चार दिवसांची सवड असली, की बाग छाटून होते. परंतु खताच्या वा पाण्याच्या पाळीत काही कमीजास्त झाले तर पुढच्या पाळीस ते सावरून घेता येते. कापलेली फांदी मात्र पुन्हा जोडता येत नाही. यास्तव कोणती फांदी कापावी, या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न बागायतदाराने स्वतःस विचारला पाहिजे. तो हा, की झाड आज कात्री सोसण्याच्या स्थितीत आहे काय?

माळशिरस तालुक्यात मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, की आंबे बहार धरणाऱ्या डाळिंबाच्या बागांतून छाटणीची गडबड सुरू होते. शेजाऱ्याने कात्री घातली म्हणून आपणही घालावी, अशी पुष्कळदा रीत पडलेली असते. प्रत्यक्षात शेजारची बाग विश्रांती घेत असेल आणि आपली अजून वाढीत असेल, तर एकाच दिवशी केलेले एकच काम त्याला लाभदायक आणि आपल्याला नुकसानीचे ठरते. हा फरक कसा ओळखावा आणि ओळखल्यानंतर काय करावे, याचा विचार पुढे केला आहे.

थंड मुलुखातील झोप आणि आपल्याकडील झोप

काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशात सफरचंदाची झाडे हिवाळ्यात संपूर्ण निष्पर्ण होतात. कडाक्याच्या थंडीमुळे त्यांची वाढ थांबते, रस मंदावतो आणि झाड जणू निजते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथील बागायतदार निर्धास्तपणे छाटणी करतात. युरोपातील द्राक्षबागांतही हीच पद्धत आहे. ‘हिवाळा म्हणजे छाटणीचा काळ’ हा जो सर्वसाधारण नियम पुस्तकांतून आढळतो, तो अशा प्रदेशांतून आलेला आहे.

आपला तालुका पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलीमीटरच्या आगेमागे. हिवाळ्याच्या रात्री गार असतात, पण दिवसा ऊन चांगले तापते. झाडाला झोप आणण्याइतकी थंडी येथे पडत नाही. येथे झाडाला निजवते ती पाण्याची टंचाई. जमिनीतील ओल कमी झाली, की झाड नवी फूट काढणे थांबवते, जुनी पाने पिवळी होऊन गळू लागतात आणि पानांनी तयार केलेले अन्न वाढीवर खर्च न होता फांद्यांत व मुळांत साठून राहते. यालाच आपण ‘ताण’ म्हणतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याखालील अकलूज-माळीनगरकडील काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीतील झाड आणि पिलीवकडील मुरमाड माळावरील झाड एकाच दिवशी निजणार नाही. माळावरील झाड चार आठवड्यांत ताणावर येईल. काळ्या जमिनीतील झाडास सहा आठवडे वा अधिकही लागतील. शेजारी उसाचा फड असेल आणि त्याचे पाणी बागेत पाझरत असेल, तर ताण बसणारच नाही. म्हणून छाटणीची तारीख पंचांगात शोधू नये, ती झाडावर शोधावी.

झाड विश्रांतीत आहे हे कसे ओळखावे?

यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. सकाळच्या वेळी बागेतून एक फेरी मारावी आणि निरनिराळ्या ओळींतील दहा-बारा झाडे नीट न्याहाळावीत.

पहिली खूण शेंड्याची. डाळिंबाची नवी पालवी तांबूस व कोवळी असते. अशी पालवी शेंड्यांवर दिसत असेल, तर झाड जागे आहे. दुसरी खूण पानांची. निम्म्याहून अधिक पाने पिवळसर होऊन हाताच्या हलक्या स्पर्शाने गळत असतील, तर झाड विश्रांतीत शिरले आहे. तिसरी खूण काडीची. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घेऊन वाकवून पाहावी. ती लवचीक व हिरवी असेल तर अपक्व, आणि टणक व करड्या रंगाची असेल तर पक्व समजावी. चौथी खूण सालीची. वाळल्यासारख्या वाटणाऱ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा थर दिसल्यास फांदी जिवंत आहे. तपकिरी दिसल्यास ती मेलेली असून काढून टाकण्यास योग्य आहे.

वाढीत असलेल्या झाडावर कात्री चालविली, तर साठवलेले अन्न फुलांकडे न जाता खोडावर व जाड फांद्यांवर फुटणाऱ्या पाणसोटांत खर्ची पडते. बाग हिरवीगार दिसते, पण बहार विरळ आणि पुढेमागे येतो. एकाच झाडावर कळी, फूल व लहानमोठी फळे अशी सरमिसळ झाली, म्हणजे फवारणी, तोडणी आणि विक्री या सर्वच कामांचा मेळ बिघडतो.

तथापि ताण म्हणजे उपासमार नव्हे, हेही तितकेच खरे. पाने करपून फांद्या सुरकुतू लागेपर्यंत झाडास तहानेले ठेवणे धोक्याचे आहे. अशक्त झालेल्या झाडाच्या खोडास बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे सहज लागतात. २०२१ च्या सुमारास शेजारच्या सांगोला तालुक्यात या किडीने डाळिंबाच्या अनेक बागा उभ्या वाळविल्या आणि बागायतदारांना त्या उपटून टाकाव्या लागल्या. विश्रांतीच्या काळात प्रत्येक झाडाचे खोड जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत तपासावे. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि त्यांतून पडलेला भुसा आढळल्यास त्या झाडावर खूण करून त्वरित इलाज करावा. पूर्ण वाळलेले झाड बागेत उभे न ठेवता मुळासह काढून जाळावे.

डाळिंबाची छाटणी : दोन वेळा, दोन हेतू

सोलापूर जिल्हा आणि डाळिंब यांचे नाते जुने आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या ‘गणेश’ जातीने महाराष्ट्रात डाळिंबाचा पाया घातला. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ या जातीने तो विस्तारला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूर येथेच स्थापन झाले, आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. अशा पिकाची छाटणी शास्त्रशुद्ध होणे अगत्याचे आहे.

डाळिंबाचे फूल मुख्यत्वे पक्व काडीवरील आखूड फळकाड्यांवर आणि शेंड्यांवर येते. याचा अर्थ असा, की कात्री जितकी खोल चालेल, तितके पुढचे फळ कमी होईल. बोरीसारखी कठोर छाटणी डाळिंबास मानवत नाही.

आंबे बहाराची फळे साधारणतः जुलै ते सप्टेंबर या काळात तोडणीस येतात. तोडणी आटोपल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत मुख्य छाटणी करावी. या वेळी वाळलेल्या, रोगट, मोडलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, खोडाजवळचे फुटवे आणि सरळ वर धावणारे पाणसोट काढावेत. झाडास तीन ते चार खोडे ठेवून बाकीची काढावीत, म्हणजे खोडास इजा होऊन एक गेले तरी झाड उभे राहते. त्यानंतर खतपाणी देऊन झाडास ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाने राखू द्यावीत. ही पाने म्हणजे पुढील बहाराचे कोठार भरणारे कामकरी होत.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाणी तोडावे. डिसेंबरच्या उत्तरार्धात वा जानेवारीच्या आरंभी वर सांगितलेल्या खुणा दिसल्या, म्हणजे पानगळ करून हलकी छाटणी करावी. राहिलेली पाने उतरविण्यासाठी इथरेल या औषधाची फवारणी करतात. तिचे प्रमाण पाने किती पिवळी झाली आहेत यावर अवलंबून असल्याने ते आपल्या भागातील कृषी अधिकाऱ्यास बाग दाखवूनच ठरवावे. हिरव्या झाडावर मोठी मात्रा देऊन बळजबरीने पाने पाडणे म्हणजे कोठार भरण्यापूर्वीच कामकऱ्यांना हाकलणे होय.

पानगळ झाल्यावर झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्यांचे शेंडे १० ते १५ सेंटिमीटर खुडावेत आणि आतील अगदी बारीक, गर्दी करणाऱ्या काड्या विरळ कराव्यात. यापेक्षा अधिक काही करू नये. झाडाचा मध्य इतकाच मोकळा करावा, की वारा खेळेल आणि फवारा आत पोहोचेल. आंबे बहाराची फळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात पोसतात, हे विसरू नये. विशेषतः पश्चिमेकडील बाजू उघडी पडली, तर दुपारच्या उन्हाने फळांवर डाग पडून त्यांची किंमत घसरते. त्या बाजूस पाल्याची सावली राहील अशा बेताने काड्या ठेवाव्यात.

छाटणीनंतर खते देऊन पहिले पाणी हलके द्यावे आणि पुढील पाळ्यांत ते हळूहळू वाढवावे. ताणावरील झाडास एकदम भरपूर पाणी दिल्यास पालवी जोराने फुटते आणि फुलगळ होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. आंबे बहारास एप्रिल-मेमध्ये पाणी लागते. कालव्याचे उन्हाळी आवर्तन अथवा विहिरीस वा शेततळ्यात खात्रीचे पाणी नसेल, तर हा बहार धरूच नये. ज्यांचे पाणी होळीनंतर आटते, त्यांनी मृग किंवा हस्त बहाराचा विचार करावा. मृग बहाराच्या बागा हिवाळ्यात फळांवर असतात. त्यांत या दिवसांत मेलेल्या व रोगट काड्यांव्यतिरिक्त काहीही कापू नये.

काप कसा घ्यावा?

कात्रीची धार वस्तऱ्यासारखी असावी. बोथट कात्री फांदी कापत नाही, चिरडते. आणि चिरडलेली साल लवकर भरून येत नाही. काप डोळ्याच्या किंचित वर व तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही. डोळा बाहेरच्या बाजूस तोंड केलेला निवडावा, म्हणजे नवी फूट झाडाच्या मध्यात न शिरता बाहेर पसरेल.

जाड फांदी करवतीने तीन टप्प्यांत कापावी. प्रथम बुंध्यापासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा. नंतर त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे ओझे उतरवावे. अखेरीस उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कडेशी कापावा. असे न केल्यास फांदी आपल्याच भाराने मोडून खोडाची साल खालपर्यंत सोलली जाते. खुंट लांब ठेवू नये, कारण तो वाळतो आणि त्यातून कूज आत शिरते. उलट फुगीर कडाही कापू नये, कारण जखम तेथूनच भरून येते. हिवाळ्यातील कोरडी हवा जखमा सुकण्यास अनुकूल असते आणि आपल्या हिवाळ्याचा खरा उपयोग हाच आहे.

कात्री रोग पसरविते

तेल्या रोगाची धास्ती प्रत्येक डाळिंब उत्पादकास आहे. हा रोग जिवाणूंमुळे होतो. उबदार व दमट हवेत, विशेषतः पावसात तो झपाट्याने पसरतो. पानांवर तेलकट डाग, काडीच्या पेऱ्यावर काळपट खाच व चीर, आणि फळावर तेलकट काळे डाग पडून ते तडकणे, ही त्याची लक्षणे होत. पावसाळा संपला म्हणजे रोग गेला, असे समजणे चूक आहे. तो काडीवरील खाचांत आणि बागेत पडलेल्या पाल्यात टिकून राहतो. हिवाळी छाटणी ही तो कापून काढण्याची उत्तम संधी आहे. पण निष्काळजीपणे केलेली छाटणी हीच त्याचा प्रसार करणारी ठरते.

रोगट काडी डागाच्या खाली किमान दोन इंच निरोगी भाग घेऊन कापावी. एका झाडाची छाटणी संपताच कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या २.५ टक्के द्रावणात बुडवावी. बाजारातील द्रावण १० टक्क्यांचे असल्यास त्याच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळावे. प्रत्येक मजुराकडे दोन कात्र्या असल्यास एक द्रावणात व एक हातात राहते आणि काम खोळंबत नाही. द्रावण दररोज ताजे करावे, हाताळताना हातमोजे वापरावेत, आणि संध्याकाळी कात्र्या धुऊन, पुसून त्यांना तेल लावावे, नाहीतर त्या गंजतात.

छाटणीच्या टोळ्या गावोगाव फिरत काम करतात. त्यांचे कसब मोलाचे आहे. पण काल त्या कोणत्या बागेत होत्या, हे आपल्याला ठाऊक नसते. यास्तव बागायतदाराने स्वतःच्या मालकीच्या चार कात्र्या घेऊन ठेवाव्यात आणि आपल्या बागेत त्याच वापरण्याचा आग्रह धरावा. चार कात्र्यांचा खर्च एका रोगट हंगामाच्या तुलनेत नगण्य आहे.

छाटलेल्या काड्या व झडलेली पाने बांधावर ढीग करून ठेवू नयेत. रोगट बागेतील सर्व पाला वेचून बागेबाहेर जाळावा. नंतर संपूर्ण झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून दोन्ही एकत्र ओतावेत आणि पाणी १०० लिटर करावे. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर बसल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मोठ्या जखमांना व खोडास बोर्डो मलम लावावे. त्याचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी असे आहे.

इतर झाडे व झुडपे

द्राक्ष : थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात निजते, म्हणून तेथे वर्षातून एकच छाटणी होते. आपल्याकडे ती निजत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. हिवाळ्यात वेलीवर घड पोसत असतात. तेव्हा काडी कापण्याचा प्रश्नच येत नाही.

बोर : हिवाळा हा बोरीच्या फळांचा हंगाम आहे. फळे संपून उन्हाळ्यात पाने झडली, म्हणजे एप्रिलमध्ये छाटणी करावी. बोर नव्या फुटीवर फळते, म्हणून तिला डाळिंबाच्या उलट कठोर छाटणी लागते.

सीताफळ : फळे संपल्यावर हिवाळ्यात याची पाने झडू लागतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी नवी फूट येते. मधल्या काळात वाळक्या व दाट फांद्यांची हलकी छाटणी करावी. झाडावर लटकलेली काळी, वाळलेली फळे तोडून नष्ट करावीत, कारण त्यांत कीड व रोग दडून राहतात.

आंबा : डिसेंबर-जानेवारीत मोहोर येत असल्याने कात्री लावू नये. विरळणी फळे उतरल्यावर करावी.

मोगरा : पंढरपूर जवळ असल्याने फुलांना आपल्या भागात कायमचे गिऱ्हाईक आहे. मोगऱ्याचे झुडूप हिवाळ्यात पाणी तोडून विसाव्यास ठेवावे आणि डिसेंबरच्या सुमारास जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर छाटावे. नंतर खत-पाणी दिल्यास उन्हाळ्यात, म्हणजे फुलांस मागणी असताना, भरपूर कळी येते.

गुलाब : याची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये होते. ऐन थंडीत तो फुलांवर असतो, तेव्हा फक्त सुकलेली फुले काढावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

छाटणी व्याख्यानाने शिकविता येत नाही, ती झाडापाशी उभे राहून दाखवावी लागते. डिसेंबरच्या मध्यास प्रत्येक गावात एक काळ्या जमिनीतील व एक माळावरील अशा दोन बागा निवडाव्यात. दोन्हीकडे शेतकऱ्यांना एकाच दिवशी न्यावे आणि कोणती बाग निजली आहे, हे त्यांनाच ओळखावयास सांगावे. त्यानंतर तयार असलेल्या बागेत एक झाड सर्वांसमक्ष छाटावे, कात्री द्रावणात बुडविण्याची सवय प्रत्यक्ष करवून घ्यावी आणि बोर्डो मिश्रण तेथेच तयार करावे. दोन ओळी हलक्या व दोन ओळी भारी छाटून त्यांवर खुणेच्या पाट्या लावाव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा त्याच शेतकऱ्यांना आणून फुले मोजावयास लावावे. स्वतः मोजलेली फुले शेतकरी विसरत नाही.

बागायतदाराने एवढे ध्यानात ठेवावे. आपल्या तालुक्यात झाडाची झोप थंडीच्या हाती नसून पाण्याच्या, म्हणजेच बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे. पाणी तोडण्याचा दिवस, पाने पिवळी होण्याचा दिवस, छाटणीचा दिवस आणि पहिल्या पाण्याचा दिवस या चार तारखा दरवर्षी एका वहीत नोंदवाव्यात. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या जमिनीत झाड किती दिवसांत विश्रांतीस येते, हे कोणालाही विचारावे लागणार नाही. तोवर कात्री हाती घेण्यापूर्वी झाडाकडे एकवार नीट पाहावे आणि ते निजलेले असेल, तरच हात घालावा.